बत्तीसचा रविवार

मुंबई मॅरेथॉनला पाच आठवडे उरले की डिसेंबरच्या मध्याला एक रविवार येतो. त्याची बातमी कुठे छापून येत नाही. त्या पहाटे या शहरातली कितीतरी माणसं साडेचारच्या सुमाराला घराचं दार हलकेच ओढून घेतात, बत्तीस किलोमीटर धावतात आणि नाश्त्याच्या वेळेला परततात. छातीवर बिब नाही, रस्त्यात वेळ नोंदणारी चटई नाही, शेवटी पदक नाही. परवाच्या रविवारी मीही ते अंतर पुरं केलं. शिवाजी पार्कवरून निघून वरळी, हाजी अली, पेडर रोड, चौपाटी, एनसीपीए, मग मरीन ड्राइव्हची एक जास्तीची फेरी आणि आल्या वाटेनं परत. आज या सदरात मी त्या रविवारची बाजू मांडणार आहे, कारण ती मांडायला कुणी पुढे येत नाही.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची गोष्ट वेगळी. गेली कित्येक वर्षं तो दिवस मुंबईचा सण आहे. रस्ते मोकळे केलेले असतात. चौकाचौकांत पोलीस, थोड्याथोड्या अंतरावर पाणी, रुग्णवाहिका तयार. पेडर रोडच्या इमारतींमधली माणसं खाली उतरून संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं, मीठ हातावर ठेवतात. लहान मुलं टाळीसाठी हात पुढे धरून उभी असतात, आणि छत्तिसाव्या किलोमीटरला त्या टाळीनं पायात खरोखर बळ येतं. मला तो दिवस फार प्रिय आहे. पण त्या दिवसाचा सगळा मान ज्याच्या जिवावर उभा आहे तो हा डिसेंबरचा रविवार. धावणारे, त्यांच्या घरचे आणि हे शहर, आपण तिघांनी मिळून त्याला बेवारस सोडलं आहे.

आधी धावणाऱ्यांशी बोलते. माझेच लोक आहेत, म्हणून स्पष्ट बोलते.

सरावातली ही लांब धाव, म्हणजे लाँग रन, ही शर्यत नाही. तरीही दर डिसेंबरला मरीन ड्राइव्हवर घड्याळात डोकं घालून, शेजारून कुणी पुढे गेलं की दातओठ खात त्याला गाठणारी माणसं दिसतात. दुपारी त्यांच्या वेगाचे फोटो ग्रुपवर येतात, खाली अंगठे आणि ज्वाळा पडतात. पुढच्या आठवड्यात त्यांतलेच काहीजण पोटरीला बर्फ लावून बसलेले असतात. शर्यतीच्या वेगानं बत्तीस किलोमीटर धावलात तर शर्यतीची झीज अंगावर घेतलीत, आणि ती भरून यायला दोन-तीन आठवडे जातात. पाच आठवड्यांतले तीन असे उधळायचे कशाला? शर्यतीला ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरला मिनिट-दीड मिनिट सावकाश धावायचं. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटायला लागलं तर वेग जास्त आहे, घड्याळ काहीही म्हणो.

रविवारच्या या सावकाश धावण्याला मोठं घराणं आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये आर्थर लिडियर्ड नावाचा एक माणूस चपला-बुटांच्या कारखान्यात काम करायचा. लांब धावण्याचे प्रयोग त्यानं आधी स्वतःच्या शरीरावर केले, मग आसपासच्या मुलांना हाताशी धरलं. दर रविवारी वाइटाकेरेच्या डोंगरांतून बावीस मैलांची, म्हणजे सुमारे पस्तीस किलोमीटरची फेरी. चढ, उतार, पुन्हा चढ. ती फेरी सगळ्यांना सक्तीची होती, आठशे मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललासुद्धा. पावणेदोन मिनिटांत संपणाऱ्या शर्यतीसाठी पस्तीस किलोमीटर! लोकांना हे वेड वाटलं असणारच. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं आठशे मीटरचं आणि मरी हॅलबर्गनं पाच हजार मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं. पुढे मॅरेथॉनमध्ये बॅरी मॅगीनं कांस्य मिळवलं. तिघंही त्याच फेरीत तयार झालेले. रविवारी पहाटे आपण जे करतो ते या माणसाकडून आलेलं आहे, आणि सराव करा, पण शरीर ताणू नका, हा त्याचा आग्रह होता. आपण त्याच्याकडून अंतर घेतलं, आग्रह मात्र तिथेच ठेवून आलो.

मुळात इतकं लांब धावायचं तरी कशाला? याचं उत्तर शरीराच्या हिशेबात आहे आणि तो हिशेब मला फार आवडतो. शरीर पिष्टमय अन्न ग्लायकोजेनच्या रूपानं स्नायूंत आणि यकृतात साठवतं. सगळं मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम, म्हणजे अठराशे ते दोन हजार कॅलरी. धावताना वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरसाठी अडीच हजारांवर कॅलरी हव्यात, आणि कोठारात आहेत दोन हजार. चरबी मदतीला येते, पण ती सावकाश जळते. वेग वाढवला की शरीर पुन्हा साखरेकडेच हात पसरतं. म्हणून तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अनेकांचे पाय अचानक दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे होतात. धावणारे त्याला भिंत म्हणतात. रविवारच्या लांब धावण्यानं शरीर चरबी जाळायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात, पायाच्या शिरा आणि हाडं माराला सरावतात. यातलं काहीही जानेवारीच्या आठवडाभर आधी विकत मिळत नाही. महागडे बूट घेऊन मिळत नाही. एनर्जी जेलच्या पुड्या घेऊन मिळत नाही.

आणि एक गोष्ट कोणत्याही हिशेबात मावत नाही. परवा परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागला तेव्हा पाय जड झाले होते, ऊन अंगावर आलं होतं, आणि थांबायला काहीही हरकत नव्हती. बघणारं कुणी नव्हतं. टॅक्सी समोरून जात होत्या. तिथं शरीराशी जे बोलणं होतं ते जानेवारीच्या गर्दीत होत नाही. तो चढ मी हळू, पण धावत चढले. वर पोहोचल्यावर जे वाटलं ते मला शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर आजवर वाटलेलं नाही. हे मी तोलून-मापून लिहिते आहे.

आता त्या बत्तीस आकड्याबद्दल. आपल्याकडे तो मंत्रासारखा जपला जातो. एकतीसवर थांबलेला माणूस घराभोवती फेऱ्या मारून बत्तीस करतो. हा आकडा आला कुठून? वीस मैलांमधून. इंग्रजी वेळापत्रकं मैलांत लिहिलेली असतात, वीस हा गोल आकडा, त्याचे किलोमीटर झाले बत्तीस आणि काही मीटर. यामागे शरीराचा कोणताही नियम नाही. अनेक जाणते प्रशिक्षक अंतरापेक्षा वेळेची मर्यादा घालतात, अडीच ते तीन तास. साडेतीन तासांत मॅरेथॉन धावणारा माणूस तेवढ्या वेळात तीस-बत्तीसपर्यंत जाईल. साडेपाच तासांत धावणाऱ्याला बत्तीसला चार तासांहून जास्त लागतील, आणि शेवटच्या तासात त्याला फायद्यापेक्षा दुखापतच जास्त मिळेल. अशा माणसाला प्रशिक्षकानं सव्वीस-अठ्ठावीसवर थांबवलं तर त्यानं कमीपणा मानू नये. आणि ग्रुपवर कुणी त्याला 'एवढंच?' असं विचारू नये. हा प्रश्न मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी मला राग आला आहे.

राग आणखी एका गोष्टीचा येतो. कंपनीनं मिळवून दिलेलं बिब खिशात आहे, चार मित्र धावताहेत, फोटो छान येतात, एवढ्या भांडवलावर पूर्ण मॅरेथॉनच्या रांगेत उभं राहणं. सगळ्या हिवाळ्यात एकही लांब धाव नाही. अशा माणसाला मी हात जोडून सांगेन की या वर्षी दहा किलोमीटर धावा, आनंदानं धावा, पुढच्या वर्षी या. बेचाळीस किलोमीटर हे अंतर माणसाला ओळखत नाही. त्याच्या हुद्द्यालाही नाही. तिसाव्या किलोमीटरला पडलेल्या माणसाला उचलायला जी रुग्णवाहिका लागते, ती तेव्हा दुसऱ्या कुणासाठी नसते. कंपन्यांनाही सांगणं आहे. प्रवेश वाटताना पहाटेच्या सरावाचं वेळापत्रक आणि हृदयाची तपासणी त्याच्याबरोबर द्या, आणि डिसेंबरातल्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी नऊची बैठक ठेवू नका.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथं चुकीचा सल्ला जिवावर बेततो. 'भरपूर पाणी पी' असं प्रत्येकजण सांगतो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता वाहतो, आणि त्याबरोबर मीठ जातं. त्यावर साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, आणि टोकाला गेलं तर मेंदूला सूज. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये धावलेल्या ४८८ जणांचं रक्त शर्यतीनंतर तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम असायला हवं त्याहून कमी निघालं. ज्यांचं वजन धावताना वाढलं होतं, म्हणजे जे घामापेक्षा जास्त पाणी प्यायले होते, त्यांना धोका सर्वांत जास्त होता. आणि चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असलेल्यांनाही. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या सावकाश धावणाऱ्यांना. तहान लागेल तसं प्या. दर तासाला काहीतरी खारट पोटात जाऊ द्या. ओआरएसची पुडी औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळते. ती पुडीवर लिहिलेल्या पाण्यातच मिसळा, अंदाजपंचे नको. खायला केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, जे मानवेल ते, आणि पहिल्या तासापासून. भूक लागल्यावर खायला घेतलं तर उशीर झालेला असतो. कोणता पदार्थ पोटाला मानवतो हे शोधायची जागा डिसेंबरचा रविवार आहे. जानेवारीत कुणी पुढे केलेली नवी जेल तोंडात टाकून पोट धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि वेदनाशामक गोळी घेऊन लाँग रनला निघू नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असताना हा मार दुहेरी बसतो. गुडघा इतका दुखत असेल की गोळीशिवाय निघता येत नाही, तर तो गुडघा तुम्हाला काहीतरी सांगतो आहे. ऐका. घरी बसा. एक रविवार गेला तर मॅरेथॉन जात नाही. पुढच्या रविवारी त्याची भरपाई म्हणून छत्तीस धावलात तर मात्र जाते.

आता घरच्यांकडे येते.

लाँग रन रविवारी सुरू होत नाही, शनिवारी संध्याकाळी सुरू होते. लवकर जेवण, लवकर झोप, लग्नाच्या स्वागत समारंभाला नकार. रविवारी परतल्यावर अर्धा दिवस शरीर कामाचं नसतं. या सगळ्या वेळात घर कुणीतरी सांभाळतं. पुरुष धावून येतो तेव्हा ओट्यावर पोहे तयार असतात, मुलांच्या आंघोळी झालेल्या असतात, आणि तो सोफ्यावर पाय वर करून बसला तर घर त्याचं कौतुक करतं. बाई धावून येते तेव्हा पोहे तिला करायचे असतात. आमच्या गटातल्या एकीनं एकोणतिसाव्या किलोमीटरला मला सांगितलं की ती निघण्याआधी, पहाटे साडेतीनला, कणीक मळून ठेवून आली आहे. सासूबाई काही म्हणत नाहीत, नवराही काही म्हणत नाही, पण कुणी ती मळतही नाही. ती बाई त्या दिवशी आमच्या सगळ्यांत चांगली धावली.

बाईच्या धावण्याला 'नाही' म्हणण्याचा इतिहास फार जुना नाही. १९६७ साली बॉस्टनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत असताना शर्यतीच्या एका अधिकाऱ्यानं तिला रस्त्यावरून ओढून काढायचा प्रयत्न केला. त्या शर्यतीत बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ साली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली. म्हणजे आज चाळिशी ओलांडलेल्या आमच्यातल्या पुष्कळजणींच्या जन्मानंतर. तोवर जाणती माणसं सांगत होती की बाईचं शरीर इतकं अंतर सोसणार नाही. आज असं उघड कुणी म्हणत नाही. आज नकार कणकेच्या परातीतून येतो, आणि त्याला उत्तर देणं जास्त कठीण आहे. घरातल्या पुरुषांना माझं मागणं साधं आहे. जानेवारीत फलक घेऊन ओरडायला येण्याआधी डिसेंबरातल्या त्या एका रविवारी सकाळी स्वयंपाकघर पूर्ण तुमच्याकडे घ्या. मदत म्हणून नको, जबाबदारी म्हणून घ्या.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीन वर्षं पहिली आली आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य घेऊन आली. आपण त्यांच्या मिरवणुका काढल्या आणि ते योग्यच केलं. पण अशी मुलगी तयार होते ती मिरवणुकीच्या आधीच्या शेकडो पहाटेंमध्ये, आणि त्या पहाटेंना घरातलं, गावातलं कुणीतरी 'जा' म्हणालेलं असावं लागतं.

आणि शहर.

पहाटे पावणेपाचला शिवाजी पार्कवरून निघाल्यावर पहिला प्रश्न असतो पाय कुठे टाकायचा. पदपथ आहे, पण तो दर पन्नास पावलांवर तुटतो. कुठे खोदकाम, कुठे लावून ठेवलेल्या दुचाकी, कुठे उखडलेले पेव्हर ब्लॉक. अंधारात पेव्हर ब्लॉकच्या फटीत घोटा मुरगळला की पाच महिन्यांची मेहनत तिथंच संपते. म्हणून सगळे रस्त्यावर उतरतात. आणि त्या वेळी रस्त्यावर कोण असतं? दुधाच्या गाड्या, पेपरांचे टेम्पो, रात्रपाळी संपवून घरी निघालेले टॅक्सीवाले, बहुतेक सगळे सांभाळून जाणारे. आणि शनिवारची रात्र संपवून भरधाव निघालेल्या काही गाड्या. २०२३ च्या मार्चमध्ये वरळीला रविवारी सकाळी धावणाऱ्या एका महिलेचा अशाच गाडीच्या धडकेनं जीव गेला. त्या जागेवरून जाताना आमचा गट आजही बोलायचं थांबतो. लंडनच्या रस्त्यांवर नव्वदीच्या उंबरठ्यावर मॅरेथॉन धावलेले फौजा सिंग २०२५ च्या जुलैमध्ये पंजाबात आपल्या गावाजवळ चालायला निघाले असताना गाडीच्या धडकेनं गेले. इतकं अंतर पायांखालून गेलेल्या माणसाला आपल्या रस्त्यानं एवढंही चालू दिलं नाही.

धावणाऱ्यांनीही काही पाळायला हवं. चारचार जणांनी रांग धरून गप्पा मारत रस्ता अडवू नये. कानांत दोन्हीकडे गाणी घालू नयेत. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं धावावं, अंगावर चमकणारी पट्टी असावी. पण गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी धावणाऱ्याच्या पट्टीवर ढकलून चालणार नाही. रविवारी पहाटे चार ते सहा या वेळात वरळी, हाजी अली, मरीन ड्राइव्ह या पट्ट्यात मद्यपान तपासणीची नाकाबंदी असली पाहिजे. नाकाबंदी शनिवारी मध्यरात्री असते आणि पहाटे उठते, म्हणजे नेमकी धावणारे रस्त्यावर येतात तेव्हा.

चांगलं झालं ते चांगलं म्हणायला हवं. कोस्टल रोडच्या कडेचा समुद्रालगतचा पदपथ २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. सलग, गाड्यांपासून दूर, समुद्राचा वारा अंगावर घेत धावता येतं. असं काहीतरी दक्षिण मुंबईपासून दूर राहणाऱ्यांच्या वाट्याला कधी येणार? मालाड, मुलुंड, मानखुर्दची माणसंही जानेवारीत धावतात. पहिली लोकल पकडून ती दक्षिण मुंबईत उतरतात, कारण धड धावायला जागा शहराच्या एका टोकालाच आहे.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट शेवटी राहिली, कारण ती लिहायला आपण संकोचतो. शौचालय. चार तास रस्त्यावर असलेल्या माणसाला ते लागतं. पुरुष आडोसा शोधतात, आणि तेही बरोबर नाही. बाईनं काय करायचं? परवा आमच्या वाटेवरच्या दोन सार्वजनिक शौचालयांना सकाळी सहाला कुलूप होतं. म्हणून आमच्यातल्या कितीतरीजणी आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात, आणि दमट हवेत बत्तीस किलोमीटर धावतात. वर मी सोडियमचं जे गणित मांडलं ते इथं उलटं फिरतं. दुकानातली कोणतीही पुडी त्यावर उपाय नाही, कुलूप उघडणं हाच उपाय आहे. रविवारी पहाटे साडेचारला कुलूप उघडायचं. आत दिवा, नळाला पाणी, बाहेर एक माणूस, आणि त्या माणसाला जादा पाळीचे पैसे. नोव्हेंबर ते जानेवारी एवढ्या रविवारांपुरती सुरुवात करा. धावणाऱ्या बायकांसाठी म्हणून करा, पण त्याचा उपयोग त्याच वेळी रस्ते झाडणाऱ्या, फुलं-भाजी घेऊन दादरला उतरणाऱ्या, मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांना आमच्याहून जास्त होईल. त्या तर वर्षभर रोज पहाटे बाहेर असतात.

रस्त्यावर या रविवारला आपलं मानणारी माणसंही भेटतात, हे सांगायलाच हवं. हाजी अलीजवळ एका इमारतीचा पहारेकरी दर आठवड्याला नळाची रबरी नळी फाटकाबाहेर काढून ठेवतो आणि 'ताई, डोक्यावर घ्या' म्हणतो. एक सत्तरीचे काका स्कूटरवर पाण्याचा जार आणि मिठाची डबी घेऊन चौपाटीला थांबतात. स्वतः आता धावत नाहीत. सातारकरांचं मला यासाठी फार कौतुक आहे. तिथली हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली आणि यवतेश्वरचा घाट धावणाऱ्यांचा झाला. तिथं सरावाच्या पहाटेही घाटात दिसणारा धावणारा माणूस लोकांना वेडा वाटत नाही, आपला वाटतो. मुंबईत जार घेऊन उभे राहणारे काका एकटे आहेत, आणि ते कधीतरी थकतील.

आणि रनिंग क्लबांनो, तुमचं काम मोठं आहे, पाण्याची टेबलं तुम्हीच लावता, म्हणून हे तुम्हालाच सांगते. परवा साडेआठला टेबलं आवरली गेली. वेगवान मंडळी तोवर परतली होती, इडली खाऊन फोटो काढत होती. त्यानंतर तासभर सावकाश धावणारी माणसं येत राहिली, उन्हात, रिकाम्या बाटल्या हातात घेऊन. त्यांत पहिल्यांदाच मॅरेथॉनला उतरलेली पन्नाशीची एक बाई होती, मधुमेहावर औषधं घेणारा एक माणूस होता. पाण्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच होती. येत्या रविवारी टेबल लावाल तेव्हा निघताना सगळ्यांची नावं लिहून घ्या, आणि यादीतलं शेवटचं नाव परत येईपर्यंत ते टेबल उचलू नका.